मोफत वकिलाचा हप्ता कोण भरणार?

मंडळी, आमच्या शिवानीचा काळा कोट दुकानात अठराशेला मिळाला. खरी किंमत वेगळी आहे. बँकेचं सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, तिच्या आईच्या पाटल्या आणि माझ्या टायरच्या दुकानामागची मोकळी जागा.

शिवानी विधी सेवेतून गरिबांच्या केसेस लढते. मानधन मिळतं, पण थोडं, आणि कधी येईल त्याचा भरवसा नाही. तरी परळीत प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगत आलो, "माझी पोरगी पैशासाठी कोट घालत न्हाई."

आज सकाळी तिला घेऊन बँकेत गेलतो. साहेबांना विचारलं, "गरिबांसाठी लढणाऱ्या वकिलाला हप्त्यात काही मदत हाय का?"

"अशी योजना आमच्याकडं नाही, काका. हप्ते थकलेत. आता जामीनदार म्हणून तुम्हालाही नोटीस येईल."

मागच्या बाकावर शिवानी फोनवर हळू बोलत होती, पण माझे कान लई तिखट. पलीकडं युसूफ वडगाव या गावची, पोटगीच्या केसमधली मावशी होती. शिवानी फी घेत नाही म्हणून ती दर तारखेला भाकरी-ठेचा बांधून आणते.

"मावशी, पुढच्या तारखेला दुसरे वकील येतील."

"कावून गं बाई? माझी भाकर गोड लागली न्हाई का?"

शिवानीनं फोन माझ्या हातात दिला. मी तो बंद करून तिच्या पिशवीत टाकला.

अशा वकिलांचं कर्ज फेडायला मदत करणारी एखादी संस्था, एखादा ट्रस्ट तुमच्या माहितीत आहे का? असेल तर सोमवारच्या आत सांगा, हात जोडतो. सोमवारपासून ती एका फायनान्स कंपनीच्या वसुलीच्या केसेस बघणार आहे, पगारावर.