ओढणीच्या गाठीतलं तिखट

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात लाठी शिकवणाऱ्या उज्ज्वलाबाई अंगानं पाप्याचं पितर, पण आवाज असा की मैदानाबाहेरची कुत्रीसुद्धा सावरून बसावीत. वार येताना एखाद्या पोरीनं डोळे मिटले की त्या ओरडत, "डोळे उघड गं! मारणारा काय तुझं तोंड बघत थांबून राहिला का?" पोरींना काठ्या कशाला, असं म्हणणारे शहाणे गावात कमी नव्हते. पोरी राज्यात पहिल्या आल्या तेव्हा हेच शहाणे हार घेऊन फोटोत पुढे उभे राहिले. बाईंनी त्यांनाही चहा पाजला. एवढं मोठं मन सगळ्यांना मिळत नाही.

पुढची स्पर्धा बेंगळुरूला होती आणि जुन्या विद्यार्थिनींनी मिळून विमानाची तिकिटं काढून दिली होती. बाई कधी विमानतळाच्या फाटकापर्यंतही गेल्या नव्हत्या. त्यांनी विमान कंपनीला फोन करकरून तिथल्या माणसाचा जीव खाल्ला. लाठ्या जवळ ठेवता येणार नाहीत, त्या विमानाच्या पोटात जातील, एवढं पक्कं झाल्यावर त्यांनी त्या वाकळीत गुंडाळून सुतळीनं आवळल्या. मग प्रत्येकीची पिशवी उपसून कात्री, ब्लेड, सुरी, सगळं बाहेर काढलं.

नांदेडच्या विमानतळावर काउंटरवरच्या साहेबानं ते लांबलचक गाठोडं पाहून विचारलं, "यात काय आहे?"

"लाठ्या. मारायच्या," बाई म्हणाल्या.

साहेब दचकला. संघातल्या तिघींपैकी ऋतुजानं घाईघाईनं स्पर्धेची पत्रं पुढे केली, आणि हसू दाबत साहेबानं गाठोडं आत घेतलं. बाईंना वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

पण सुरक्षा तपासणीत बायकांच्या रांगेत महिला जवानानं सिंधूची ओढणी चाचपली आणि गाठ सोडली. आत लाल तिखटाची पुडी. ऋतुजाच्या ओढणीतही तेच, आणि तिसऱ्या देविकाच्याही. घराबाहेर पाऊल टाकायचं तर ओढणीच्या टोकाला तिखट बांधून, हा बाईंचाच दंडक होता. पोरींना ते कपाळावरच्या टिकलीइतकं सवयीचं झालं होतं. चाकू-ब्लेडांची एवढी झडती घेताना तिखट हेही हत्यार आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, बाईंच्याही नाही.

"हे विमानात चालणार नाही. या कचऱ्याच्या डब्यात टाका, नाहीतर परत जा," जवान हिंदीत म्हणाली. पोरींनी जीभ चावली आणि पुड्या पटापट डब्यात टाकल्या.

मग बाईंची पाळी आली. त्यांनी गाठ सोडली, पुडी हातात घेतली, आणि हात काही उघडेना.

कॉलेजात असताना एकदा दिवेलागणीला त्या बसमधून उतरून इस्लापूरला आपल्या खोलीकडे चालत निघाल्या होत्या. वाटेत दोघांनी अडवलं. त्यांच्या आईनं, साखराबाईनं, सकाळीच भाजीसाठी म्हणून बांधून दिलेलं तिखट पिशवीत होतं, ते बाईंनी त्या दोघांच्या डोळ्यांत फेकलं आणि शेतातून पळत सुटल्या. त्या दिवसापासून लग्नात, बाळंतपणात, बाप गेला त्या दिवशीही ती पुडी अंगावर होतीच. पुढे लाठी शिकल्या, शेकडो पोरींना शिकवली, तरी भीती काही गेली नव्हती. त्या भीतीसकट त्या रोज उठून मैदानावर जात होत्या, एवढंच.

मागे रांग खोळंबली होती. जवानानं पुन्हा सांगितलं. "मला न्हाई जमायचं," त्या पुटपुटल्या. "तुम्ही जावा, पोरींनो. मी माघारी जाते."

पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या. ज्या बाईंनी त्यांना उभं राहायला शिकवलं, त्याच माघारी निघाल्या होत्या. ऋतुजा पुढे आली. तिनं बाईंची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. ओढली नाही, नुसती धरली.

"बाई, टाका ती. आम्ही हावोत ना."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग मागच्या दोघींकडं. तिघींचे डोळे उघडे होते. बाईंनी पुडी डब्यात टाकली आणि रिकाम्या हातांनी पोरींच्या मधून चालत विमानाकडे निघाल्या.