पदराआडचा तांब्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. कवितेतही उतरू दिलं नाही. तिथं माझं सगळंच फार लवकर सुंदर होतं. तुम्हाला सांगते.

आई गेली तेव्हा तिचं एक इरकली लुगडं मी नांदेडला आणलं. धुतलं नाही. घडीत कापराचा, चुलीच्या धुराचा, तिच्या मानेचा वास होता. मी लातूरला गेले असताना माझ्या थोरल्या जावेनं — अक्कानं — ते बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. "जुनेर तर होतं की गं. बघ, झाकण कसं घट्ट बसतंय!" आणि हसली. मी काय केलं? डब्यात साखर भरली.

पुढं घर बदलताना अक्काच्या दिवंगत आईचा पितळी तांब्या चुकून भंगारात गेला. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव : सुभद्राबाई, उदगीर. तेव्हापासून दर रविवारी अक्का जुन्या बाजारात तो शोधते. मी सोबत जाते. मदतीला? — तेव्हा मलाही तसंच वाटे.

एका रविवारी तो दिसला. गंजक्या कुलपांच्या, मुक्या घड्याळांच्या ढिगात, उन्हाचा एक घोट धरून. मी वाकले, बोटानं अक्षरं चाचपली. तीच.

"घ्या ताई," विकणारा म्हणाला, "उद्या समदं पितळ वितळायला जाणार हाय."

मागून अक्का — "गावला का गं?"

मी उठले नाही. खांद्यावरचा पदर सैल केला, ढिगावर पसरू दिला.

"न्हाई अक्का. कुलपंच हायेत नुसती." तिच्याच बोलीत बोलले — किती मायेनं!

ती पुढच्या दुकानाकडे वळली; मी पदर सावरला, तांब्या ढिगातच राहू दिला. त्या क्षणी माझ्या छातीत काय होतं — भीती? लाज? नाही. कापराचा वास होता. गार, गोड, कितीतरी दिवसांनी परतलेला.

आम्ही अजूनही जातो. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून ती माझा हात धरते. निघण्यापूर्वी चहा मी करते — त्याच डब्यातली साखर, एक चमचा जास्त.

"लई ग्वाड केलास गं," ती म्हणते, आणि कप रिता करते. "आज गावंल बघ."

मी झाकण घट्ट लावते.