राईत मारलेला झाडू

अधिकारी जंगल बघायला येणार, म्हणून आदल्या दिवशी मी ते जंगल झाडून घेतलं. पाचोळा पोत्यांत भरला, पडलेली खोडं होळीला धाडली आणि उभ्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले.

मुलुंडला आमच्या सोसायटीमागे सरकारी टेकडी आहे. तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. रान जुनं आहे असं ठरलं, तरच ते वाचणार होतं. ते जुनं आहे हे आधी ओळखलं राईकाकांनी. काका मालवणकडचे, शेजारच्या चाळीतले निवृत्त गिरणी कामगार. गावच्या देवराईसारखंच या टेकडीलाही ते 'राई' म्हणत आणि चपला काढूनच आत शिरत. आम्ही हसायचो. काटा मात्र बूट घालूनही आम्हालाच रुतायचा.

झाडाचं वय विचारलं की काका झाडाला मिठी मारत. "एका मिठीत मावला तर पोर. दोघांची लागली तर आजोबा." सोसायटीतल्या बायका म्हणत, "काकूंना कधी इतक्या प्रेमाने धरलंय का?" काका शांतपणे सांगत, "ती अजून एका मिठीत मावता."

पाहणीच्या सकाळी काका पायथ्याशीच थबकले. "मेल्या, राईत झाडू मारलंस? त्या पडलेल्या खोडात जेवढी बिऱ्हाडां होती, तेवढी तुझ्या सोसायटीत तरी आसत?"

साहेब आले आणि पट्टे बघून खूश झाले. "वा, गार्डन छान ठेवलंय!"

काकांनी सरळ साहेबांचा हात धरला आणि त्यांना वर चढवलं. आदल्या दिवशी मी अर्ध्यावरच दमलो होतो, त्यामुळे वरचा भाग माझ्या समाजसेवेतून सुटला होता. तिथे गुडघाभर पाचोळा, मांडीएवढी गारंबीची वेल आणि बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं. साहेब, त्यांचा शिपाई आणि मी, तिघांनी हात धरले तरी बेहडा मावेना.

"आता लिवा, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. वरचं रान 'जुनं जंगल' म्हणून राखलं गेलं. खालचं, मी झाडलेलं, 'उद्यान' ठरून पार्किंगला गेलं. तिथे आज गाड्या उभ्या असतात. त्यांतली एक माझी.

गेल्या वर्षी काका कायमचे गावी परतले. निघताना आपल्या गाववाल्या वॉचमनला राईची राखण सांगत होते. मी हळवा होऊन म्हणालो, "काका, मी आहे ना!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वॉचमनला म्हणाले, "वाघ इलो तर भिया नको. ह्यो झाडू घेवन इलो, तर माका फोन कर."