लाइलचा आकडा

मार्लिस ऑफ्टेडालचा नवरा ऑरिन फेब्रुवारीत गेला, आणि सप्टेंबर लागेपर्यंत तिला कळून चुकलं, की गावातल्या एकाही पुरुषाला ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द उच्चारता येत नाहीत.

प्रश्न साधा होता. तिची रायफल तिच्या बापाची, जुन्या मापाची. त्या मापाची काडतुसं पूर्व मोंटानातल्या दुकानांत मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. आजवर ती ऑरिन घरीच भरायचा, एक डोळा गेल्यावरही. वापरलेली पितळी नळी घ्यायची, तिच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, आत मोजून बंदुकीची दारू घालायची आणि वर नवी गोळी दाबायची. मार्लिस दर मोसमात एक हरीण मारायची, स्वतः सोलायची आणि हिवाळाभर दोघं ते खायची. काडतूस मात्र तिने कधी भरलं नव्हतं, आणि आता भरायचं होतं. दारू कमी पडली तर गोळी भलतीकडे जाते. जास्त झाली तर रायफल गालाशी धरलेली असताना फुटते. तेव्हा किती घालायची, हे तिला अशा कोणाकडून तरी हवं होतं ज्याच्या शब्दावर आपला चेहरा टेकवता येईल.

कॉफीच्या अड्ड्यावर तिने विचारलं, तर उचलली जीभ लावली टाळ्याला. वेंडेल फोसने एक आकडा सांगितला, शेजारच्याने दुसरा सांगितला, आणि तिसरा म्हणाला की आकडा कशाला हवा, नळी गळ्यापर्यंत भरली की झालं. हे कुठे लिहिलेलं आहे, असं मार्लिसने विचारलं. सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने कोणाच्या बायकोबद्दल काही विचारलं होतं.

“अगं, तीस वर्षं हेच मारतोय मी,” वेंडेल म्हणाला. “दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. मोज हवं तर.”

“तुझी बोटं म्हणजे काय छापील पुस्तक आहे?” मार्लिस म्हणाली आणि कॉफी अर्धी टाकून निघाली.

तिथे ती रीतच होती. माणसाला त्याची शिकारीची जागा विचारायची नाही आणि आकडा कुठून आणलास हेही विचारायचं नाही. आकडा बापाकडून येतो, मेहुण्याकडून येतो, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना येतो, आणि घेणाऱ्याने मान डोलवून घ्यायचा. इंटरनेटवर पाहावं तर तिथेही हीच जमात, फक्त खरी नावं लपवून बसलेली. एकाने व्हिडिओत दारू मोजताना शेजारी सिगारेट ठेवली होती. मार्लिसने त्याला तिथल्या तिथे जे सुनावलं ते शाळेच्या स्वयंपाकघरातही कधी ऐकू आलं नव्हतं, आणि ते स्वयंपाकघर तीस वर्षं तिच्याच ताब्यात होतं.

मग ती लाइलकडे गेली. लाइल म्हणजे ऑरिनचा थोरला भाऊ, गन क्लबचा सर्वेसर्वा. क्लबच्या शेडमध्ये एक काळा फळा होता. त्यावर प्रत्येक मापाच्या रायफलीपुढे कोणीतरी आपल्या दारूचा प्रकार आणि आपला आकडा लिहून ठेवलेला असे. दुसऱ्याचा आकडा पुसणं म्हणजे त्याला खोटारडा म्हणणं, असं सगळे मानत. मार्लिसच्या मापापुढे लाइलचा आकडा होता, पांढऱ्या रंगाने काढलेला, खडूने नव्हे. तो आकडा मी इथे लिहीत नाही. कोणीतरी इथूनही उचलेल.

“हाच घाल,” लाइल म्हणाला. “नाहीतर नळ्या इकडे आणून दे, मीच भरतो. तू कशाला ह्या भानगडीत पडतेस?”

“पुस्तक आहे का तुझ्याकडे? ज्यात हे छापलंय?”

लाइलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुस्तकं वकिलांना घाबरणारे लोक छापतात, असं तो म्हणाला, आणि आपल्या धाकट्या भावाने कधी पुस्तक मागितलं नव्हतं, हेही वर ऐकवलं.

घरी येऊन तिने रागारागात गॅरेज उपसलं. ऑरिनचं एखादं पुस्तक सापडेल अशी आशा होती. पुस्तक नाही, पण आढ्याच्या लाकडांवर एक गोणपाट सापडलं. आत ऑरिनची जुनी रायफल होती, तिच्याच मापाची. त्या रायफलीवरून ट्रक गेला असं त्याने बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सोबत काडतुसांचा अर्धा भरलेला डबा होता. ह्या गावात कोणी काही फेकत नाही, मोडकी बंदूकसुद्धा.

डबा बघून तिचे डोळे भरून आले. ऑरिनने स्वतःच्या हातांनी भरलेली काडतुसं! महिनाभर ती दारोदार भरवशाचं काहीतरी शोधत होती, आणि ते तिच्याच डोक्यावर आढ्याला होतं. एक काडतूस तिने आपल्या रायफलीत घालून पाहिलं. छान बसलं. घोड्यावर बोट ठेवायचं तेवढं बाकी होतं. पण महिनाभर इतरांना विचारलेला प्रश्न आता तिचाच पिच्छा सोडेना: हे कुठे लिहिलेलं आहे? तिने काडतूस बाहेर काढलं, गोणपाट उचललं आणि शेजारच्या गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एमिल हुशकाकडे गेली.

एमिल तुसडा माणूस. त्याने बस म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही. एक काडतूस उघडलं, गोळी तोलली आणि दारू तोलली. मग दुसरं उघडलं, तिसरंही उघडलं.

“गोळी जड आहे,” तो म्हणाला. “आणि दारू हलक्या गोळीची. ही मारली नाहीस ना?”

काट्यावर लाइलचा आकडा होता, अगदी तोच. लाइल माळावरची चपळ हरणं मारायचा, त्यासाठी हलकी गोळी वापरायचा. त्या हलक्या गोळीमागे एवढी दारू चालून जाते. जड गोळी जागची लवकर हलत नाही, आतला दाब वाढत जातो आणि शेवटी वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. फळ्यावर दारू लिहिली होती, आकडा लिहिला होता. गोळीचं वजन लिहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आपली गोळी तीच सगळ्यांची, असा ज्याचा त्याचा समज.

एमिलने गोणपाटातून रायफल काढली.

“हिच्यावरून ट्रक गेला होता,” मार्लिस म्हणाली.

“ट्रक बाहेरून दाबतो,” एमिलने चिरलेल्या पोलादावरून अंगठा फिरवला. “हे आतून फुटलंय. कोणता डोळा गेला होता त्याचा?”

“उजवा,” ती म्हणाली. “त्याच वर्षी कुंपणाची काटेरी तार तुटून लागली होती.”

तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि तिलाच ते खोटं ऐकू आलं. तार दुरुस्त करायला ऑरिन त्या दिवशी लाइलबरोबर गेला होता. दवाखान्यात लाइलनेच नेलं होतं.

निघताना तिने एमिललाही विचारलं, की मग भरवशाचं काय. त्याने दोन जाडजूड पुस्तकं काउंटरवर ठेवली. एक दारू बनवणाऱ्यांचं, एक गोळ्या बनवणाऱ्यांचं, दोन्ही नवीन आवृत्तीची. आपली गोळी आणि आपली दारू दोन्हीकडे शोध, त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात कर, आणि कोणी तोंडी आकडा सांगितला, अगदी मी सांगितला तरी, सोडून दे. एवढंच, असं तो म्हणाला. त्या ‘एवढंच’ने मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच होतं, तर महिनाभर एकालाही का सांगता आलं नाही? आणि बारा वर्षांपूर्वी ऑरिनला का नाही?

मोसमाआधीच्या रविवारी क्लबमध्ये सगळे आपापल्या रायफलींचा नेम तपासायला जमतात. शेडमध्ये पॅनकेक, सॉसेज आणि पातळ कॉफी असते. लाइल फळ्याखालच्या आपल्या खुर्चीत बसला होता. मार्लिस गोणपाट काखेत घेऊन आत आली.

“लाइल, हा तुझा आकडा कुठल्या गोळीचा?”

“हलक्या. सगळ्यांना माहीत आहे.”

“ऑरिनला होतं? त्यानं जड गोळी घातली होती.”

तिने गोणपाट पॅनकेकांच्या मधोमध उलटं केलं. फुटकी रायफल पाकाच्या बरणीला लागून आडवी पडली. कोणी काटा उचलेना. लाइल उठला, परत बसला.

“ते आम्हा भावाभावांतलं होतं, मार्लिस,” तो हळू म्हणाला. “त्यानंच सांगितलं, हिला कळू देऊ नकोस म्हणून. त्यानं मला माफ केलं होतं.”

“केलं असेल. डोळा त्याचा होता. मग त्यानंतर हा आकडा फळ्यावर कोणासाठी ठेवलास?”



“पुसला असता,” तो म्हणाला, “तर लोकांनी विचारलं असतं, का पुसला.”

मार्लिसने टेबल पुसायचं ओलं फडकं उचललं आणि फळ्यावर घासायला लागली. रंग निघेना. तिने खिशातला सुरा काढला, ज्याने ती हरीण सोलायची तोच, आणि आकडा खरवडून काढला. रंगाचे पापुद्रे लाइलच्या खांद्यावर पडत होते. त्याने ते झटकले नाहीत. तिला त्याची दया आली नाही. तशी ती यावी असं मला तरी वाटत नाही.

मागून वेंडेल फोसचा आवाज आला. दहा बोटांच्या त्या वेंडेलचा आवाज तेव्हा बारीक झाला होता.

“जड म्हणजे किती जड गं?”

तिने सांगितलं. वेंडेल उठून बाहेर आपल्या गाडीकडे गेला आणि काडतुसांचा नवा भरलेला डबा आणून तिच्यापुढे ठेवला. यंदा जड गोळी घेतली होती, एल्कसारख्या मोठ्या हरणासाठी, असं म्हणाला आणि खाली बसला.

मग मार्लिस बाहेर गेली. पुस्तकातल्या सगळ्यात कमी आकड्याने स्वतः भरलेलं काडतूस तिने घातलं आणि बार काढला. रायफल खांद्याला लागली, आवाज झाला, कागदाला भोक पडलं. दोन्ही डोळे जागच्या जागी होते.

घराकडे वळताना उजव्या हाताला पत्रपेटीचा खांब येतो. ऑरिनने तो ह्या बारा वर्षांत चारदा गाडीने पाडला होता. दर वेळी ती अंगणात उभी राहून ओरडायची, आंधळा आहेस का रे, आणि दर वेळी तो खाली उतरून हसत खांब परत उभा करायचा.

मार्लिसने गाडी तिथेच थांबवली. खाली उतरली आणि त्या खांबाला अशी लाथ घातली की पेटीचं झाकण उघडं पडलं.

“सांगायचं होतंस की रे,” ती म्हणाली. “मी ओरडले नसते.”

खांब वाकडा झाला होता. तिने तो सरळ केला नाही.