वायरलेस की अक्काचा बूथ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या एका खासगी डेअरीत गाड्यांचं वेळापत्रक बघायचे. गावोगावचं दूध वेळेत आणायचं, एवढंच काम. पण साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी कुठला रस्ता कधी तुंबेल, नेम नसायचा. चालकांना वाटेतच रस्ता कळवायची एखादी सोय निवडा, असं साहेबांनी मला सांगितलं.

मी नवी होते, हुशारी दाखवायची हौस होती. मोठ्या कागदावर रकाने आखले आणि पेजर, वायरलेस, मोबाइल यांना पल्ला, वेग, टिकाऊपणा असे दहापैकी गुण दिले. वायरलेस पहिला आला. ऑफिसात आणि दोन गाड्यांत संच बसवले आणि चाचणीला मी स्वतःच पेठ वडगावच्या गाडीत बसले.

ती गाडी चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणायचे. दूध भरून झाल्यावर त्यांनी गाडी गावाबाहेरच्या एसटीडी बूथकडे वळवली. तो बूथ चालवणाऱ्या अक्काला विचारून मगच ते रस्ता ठरवायचे. मी त्यांना थांबू दिलं नाही. पुढे गेलेल्या आमच्या गाडीनं तासाभरापूर्वीच वायरलेसवर हायवे मोकळा असल्याचं कळवलं होतं. मामांनी गाडी हायवेला घातली.

तीन-चार किलोमीटरवर ट्रॉली उलटून पडली होती. रस्ताभर ऊस, मागे वाहनांची ही रांग. वायरलेसवर मी ऑफिसला इमानेइतबारे कळवलं, की आम्ही अडकलोय. मामा इंजिन बंद करून शांतपणे म्हणाले, “आता कळवून काय करायचं, म्याडम? हितं आल्यावर आपल्याला बी दिसतंयच की.”

अडीच तासांनी सुटलो. डेअरीत पोचेपर्यंत निम्मे कॅन नासले होते. साहेब रागावले नाहीत, त्यामुळे तर मला जास्तच मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी बूथवर गेले. अक्का पन्नाशीची, वडगावच्या व्यापारी घरातली, कपाळाला विभूती. दोन्ही बाजूंनी येणारे एसटीवाले, ट्रकवाले तिच्याकडे फोन करायला उतरायचे आणि ती प्रत्येकाला रस्त्याचं विचारून ठेवायची. तिची बातमी कधी दहा मिनिटांपेक्षा शिळी नसायची. कुठला रस्ता बरा, असं मी विचारलं तर तिनंच उलट विचारलं, “गाडीत दूध हाय का रिकामे कॅन?”

मला कळेना. मग तिनं समजावलं. दूध असेल तर हातकणंगल्याकडून जायचं; लांब पडतं, पण अडकत न्हाय. गाडी रिकामी असेल तर हायवेला नशीब बघायचं, उशीर झाला तर झाला.

माझ्या एवढ्या मोठ्या कागदात हा रकानाच नव्हता.

साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “मग अक्कालाच निवडा.” अक्कानं एकच अट घातली: सल्ला चुकला तर तिच्याशी भांडायचं नाही. चुकायचाही कधीमधी. तेव्हा आम्ही विचारायच्या आत ऑफिसात तिचाच फोन यायचा, “चुकलं बघ माझं, मागची गाडी तिकडं धाडू नकोस.”

पुढे मोबाइल स्वस्त झाले, सगळ्या चालकांच्या खिशात आले. एकाच रस्त्याबद्दल पाच जणांचे पाच निरोप यायला लागले. मग मी प्रत्येकाला आधी विचारायला शिकले, की तू स्वतः बघितलंस का नुसतं ऐकलंस, आणि कधी.