पहिलं बाळंतपण माहेरीच

आम्ही नारायणगावला आलो तेव्हा मला दिवस गेलेत हे मलाच कळलं नव्हतं. परभणीच्या पुढून आलो होतो. नवऱ्याच्या ओळखीचा एकजण द्राक्षबागेत कामाला होता, त्याच्या मागोमाग आलो. मालकानं बागेच्या कडेला, पंपाजवळची पत्र्याची खोली दिली. दार होतं, कडी होती, लाइट होती. आमच्या घरी लाइट नव्हती, त्यामुळं मला वाटलं, आपलं बरं झालं.

बागेतलं काम संपत म्हणून नाही. छाटणी, मग फुटवे काढा, मग फवारणी, मग घड औषधात बुडवा. मोरचुदानं पानं निळी व्हायची आणि आमचे हातही. पहिले काही दिवस भाकरी खाताना स्वतःच्याच बोटांची शिसारी यायची, मग येईनाशी झाली. माणसाला कशाचीही सवय होते असं लोक कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही.

मालकीणबाईला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. मला दिवस गेलेत हे पहिल्यांदा तिनंच ओळखलं. वेलीखाली वाकले होते, तर लांबूनच म्हणाली, "अगं, तुला दिस गेलेत. उभी ऱ्हा सरळ." मग जवळ बसवून माहेरची चौकशी केली. मी सांगितलं की आई नाही, बाप नाही, एक भाऊ आहे. "भाऊ हाय ना? मंग झालं तर," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं तिथं सगळी काळजी मिटली होती.

गावातल्या मारुतीच्या देवळात ठरलेल्या दिवशी नर्सबाई यायची. खाडा करून गेले. माझा नंबर आला तशी तिनं विचारलं, "कुठली तू?"

"मळ्यातली."

"मळ्यातली म्हंजे मूळची कुठली?"

मी सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "पहिलंच ना? म्हंजे तू माहेरला जाणार. तिथल्या नर्सकडं नाव घाल बाई. मी हितं नाव घालायचं आन् तू तिकडं बाळंत व्हायचं, मंग वरनं मलाच इचारत्यात, ही बाई गेली कुठं." धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र दिलं, रक्तवाढीच्या गोळ्याही दिल्या. बाई वाईट नव्हती. पण पोटाला हात लावून बघितलं नाही, कारण ज्यांचं नाव घातलेलं त्यांचं पोट बघायचं, अशी तिची कामाची रीत होती.

पुढं एकदा सरकारी दवाखान्यातही जाऊन आले. तिथं माझ्या अंगावरची साडी आणि बोलणं बघूनच ओळखलं. "बाहेरगावची का? बाळंतपणाला गावाला जाणार असशील तर तिकडंच दाखव, परत परत कशाला," असं म्हणाले. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय नारायणगावचीच रीत आहे? आमच्याकडंही तेच. तरी मी म्हणायचे, आक्का, भाऊजय कशी आहे माहीत नाही, मला इथंच राहू द्या. आक्का म्हणायची, "येडी का काय. लोक काय म्हंतील? पोरीकडनं काम करून घेतलं आन् पहिलटकरणीला माहेरलासुदिक धाडलं न्हाई."

तिला खरंच लोकांची लाज होती आणि माझी माया होती, दोन्ही एकदमच. घड बुडवायचं काम जोरात असताना तिनं मला घरात बोलावलं, पाटावर बसवलं आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं साग्रसंगीत. हिरव्या बांगड्या भरल्या. माझी आई असती तर तिनंही याहून जास्त काही केलं नसतं. मी रडले. आक्काला वाटलं, माहेरच्या ओढीनं रडते.

नवऱ्याला काम सोडून येता येण्यासारखं नव्हतं. त्यानं मला नारायणगावच्या चौकातून जीपमध्ये बसवलं. आळेफाट्याला उतरून मी नगरची एसटी धरली, नगरला गाडी बदलली. ओटीतला नारळ पिशवीत होता, गाडी गचका खाई तसा मांडीला लागत होता.

भावाच्या दाराला कुलूप होतं.

शेजारची म्हातारी बाहेर आली. "कामून आलीस गं माय? तुझा भाऊ गेला की कोयत्यावर, बायको-लेकरं घेऊन. आता उन्हाळ्यातच येतेत." ऊसतोडीला गेला होता. कोण जाणे, माझ्याच वाटेनं, त्याच आळेफाट्यावरून पुढं गेला असेल. आमच्या गावात दिवाळीनंतर घरांना कुलपंच दिसतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नारायणगावात सगळे इतक्या खात्रीनं माहेर माहेर म्हणत होते, की मलाही वाटायला लागलं होतं, असेल कुणीतरी.

म्हातारीनं रात्रीपुरतं ठेवून घेतलं आणि सकाळी तिथल्या नर्सकडं नेलं. नर्स म्हणाली, तुझं नाव तिकडं कामाच्या गावी घातलेलं असणार, आता इतके दिवस भरल्यावर मी कसं घेऊ? तालुक्याला जा. म्हातारीला तालुक्यापर्यंत चालवत नव्हतं. मी एकटीच गेले. तिथं विचारलं, बरोबर कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, घरचं माणूस घेऊन ये, त्याशिवाय भरती करता येत नाही. घरचं माणूस बागेत घड बुडवत होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हातारीनं दिलेली भाकरी खाल्ली आणि परत फिरले.

मला कुणीच हाकलून दिलं नाही, हे मी आजही सांगते. इकडचे तिकडं बोट दाखवत होते आणि तिकडचे इकडं. मला मात्र त्या दोन्हींच्या मधे एसटीत बसायचं होतं. त्या वेळी मला राग आला नाही. भीतीही वाटत नव्हती. खिडकीबाहेर बघत होते आणि काही वाटत नव्हतं.

नगर सोडल्यावर पोटात कळा यायला लागल्या. आळेफाट्याला दांडा धरून धरून उतरले. नारायणगावची जीप माणसांनी खच्चून भरली होती, पण ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना उतरवलं. "तुमी मागनं या राव," एवढंच म्हणाला. जीप थेट सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. त्याचं नाव मी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

या वेळी त्यांनी आत घेतलं. टेबलावर झोपवलं, पहिल्यांदा कुणीतरी पोटाला हात लावला, आणि हात लावणाऱ्या बाईनं पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मग ओरडली, "नऊ महिने काय करत व्हतीस गं? कुठंच दाखवलं नाहीस का? मूल पायाकडनं हाय." मी तिला सांगणार होते, पण सांगायचं तर नारायणगावपासून परभणीपर्यंत सगळंच सांगावं लागलं असतं. पुण्याला न्यायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. गाडी बघेपर्यंत पोर अर्धी बाहेर आली होती. डोकं अडकलं. आली तेव्हा रडली नाही. तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, ते मी बघत होते. मुलगी होती. केस भरपूर होते.

पायाळू, एवढंच माझ्या मनात आलं. पायाळू माणसानं लाथ लावली की कमरेची लचक जाते म्हणतात. आमच्या गावात एक होता, लोक त्याला लांबून शोधत यायचे.

मालकानं बांधाच्या कोपऱ्यात, बाभळीजवळ जागा दिली. नवऱ्यानं खड्डा खणला. आक्का माझ्यापेक्षा जास्त रडली. "तू माहेरात सुखात असशील म्हणून मी निवांत व्हते गं," हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिनं डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते, मी बाळाला घेऊन येईन तेव्हासाठी. तेच डब्यात घालून आणून दिले. मी खाल्ले. चांगले झाले होते. छातीत दूध दाटून दगड झाला होता, आक्कानं जुन्या लुगड्याचा पट्टा करून घट्ट बांधला. थोड्या दिवसांनी दूध आटलं आणि मी पुन्हा बागेत जायला लागले.

राग आला तो फार उशिरा, आणि कुणावर काढावा तेच कळेना. नर्सबाईवर? आक्कावर? कुलूप लावून पोटासाठी गेलेल्या भावावर? रीत तर चांगलीच होती. तिच्यात माझ्यासारखीला जागा नव्हती, एवढंच. भांडी घासताना ती आपटायचे. नवरा म्हणायचा, हळू. मग तेही संपलं.

त्यानंतर आम्ही गावाकडं गेलोच नाही. मालकाच्या ओळखीनं रेशनकार्ड झालं. बागेत दर सीझनला नवी माणसं यायची, कुणी बीडची, कुणी नांदेडची, आणि मी त्यांच्या बायकांना सांगायचे, पहिलं असलं तरी हितंच नाव घालायचं, माहेराचं नावसुद्धा काढू नका.

अशाच एका सीझनला पोलिओचा रविवार होता. नवी नर्स आली होती, तरुण पोरगी, खांद्याला बर्फाचा डबा. मळ्यातल्या माणसांची पोरं सुटतात म्हणून वरून सांगितलं होतं, त्यामुळं ती बिचारी उन्हातान्हात बागा पालथ्या घालत होती. माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुमी बाहेरगावच्या ना? सीझन संपला की जाणार का गावाला?"

"नाही. मुलगी इथं आहे."

"अगं बाई, मग डोसाला आणायची ना. बूथवर कशी दिसली न्हाई? कुठंय ती?"

मी बांधाकडं बोट केलं. तिनं डबा सावरला आणि वेलींच्या रांगेतून तिकडं चालायला लागली. मी तिला हाक मारली नाही.