कडब्याच्या गंजीमागचे तीन दिवस

शेणाचा वास काही वाईट नसतो, असं म्हणणारे लोक मला अधूनमधून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी शेण पाहिलेलं असतं ते दुसऱ्याच्या अंगणात, सारवून वाळलेलं, वर रांगोळी काढलेलं. मी ते वर्षानुवर्षं दोन्ही हातांनी भरलं आहे, आणि मला विचाराल तर त्याच्याइतकी किळस मला दुसऱ्या कशाचीच आली नाही.

माझं माहेर जामखेडच्या बाजूचं. कोरडा मुलूख. घरात एक बैलजोडी आणि एक शेळी. सणाला घर सारवायचं तर आई शेजारणीकडून पाटीभर शेण मागून आणायची, इतकी त्याची टंचाई. लढाईच्या दिवसांत, कापड आणि रॉकेल कंट्रोलवर मिळत होतं तेव्हा, नेवाशाकडच्या एका बागायती घरात मला दिलं. पाटाचं पाणी, ऊस, दावणीला म्हशी, गाई, बैल आणि त्यांची वासरं. दूधदुभत्याचं घर मिळालं, पोरगी सुखात पडली, असं आमचं सगळं गाव म्हणालं. मी पडले ती शेणात.

हिरवा घास खाऊन जनावरं पातळ हगत. ते पाटीत भरता यायचं नाही, ओंजळीनं उपसून घ्यावं लागे. मुताची डबकी खराट्यानं लोटायची. म्हैस शेपटी झटकायची आणि ते सगळं तोंडावर यायचं. वासरांच्या कानातले गोचीड ओढून काढायचे, ते बोटात फुटायचे आणि काळं रक्त नखात जाऊन बसायचं. पावसाळ्यात गोवऱ्या वाळायच्याच नाहीत. उलटून बघावं तर खाली पांढऱ्या अळ्या वळवळत असत, आणि त्याच गोवऱ्या चुलीत घालून त्यांच्या धुरात भाकरी थापायची. हात कितीही राखेनं घासले तरी घास तोंडाशी आला की तो वास आधी यायचा. पहिल्या सहा महिन्यांत मी निम्मी झाले.

गोठा आटोपला की दळण, पाणी, ताक, भांडी, शेतावरची भाकरी, आणि दिवस कलला की पुन्हा गोठा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांनी स्वतः हेच सगळं काढलं होतं, आणि मीही ते काढावं यापलीकडे त्यांच्या डोक्यात काही येत नसे. सारवलेल्या जमिनीकडे त्या तिरकी मान करून बघायच्या. "बोटं उठल्यात. परत घे," एवढंच म्हणायच्या. मी परत घ्यायची. कामानं नाकी नऊ येतात म्हणतात, माझ्या तर नाकाशी सदा शेणच असे.

या सगळ्यात मला सुटका होती ती महिन्यातले तीन दिवस. आमच्या आसपासच्या कुणबी घरांत बाई बाहेरची झाली तरी शेतात आणि गोठ्यात राबतच असे. या घराची रीत निराळी होती. विटाळशीची सावली दुभत्या जनावरावर पडली तर दूध नासतं, अशी आत्याबाईंची पक्की समजूत. म्हणून मला गोठ्याकडे फिरकायची बंदी. मागच्या अंगाला कडब्याची गंज होती, तिच्या आडोशाला पाचटाचं छप्पर. तिथे गोणपाट टाकून मी पडून राहायची. आत्याबाई लांबून भाकरी टाकायच्या, वरून पाणी ओतायच्या आणि बडबडत गोठ्यात जायच्या. कुत्र्याला टाकावी तशी भाकरी, पण हाताला वास न येता खाल्लेली. दुसऱ्या बायकांना त्या बाजूला बसण्याची लाज वाटे. मी मात्र कडब्याचा कोरडा वास घेत तीन-तीन दिवस झोपायची, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा पाटी उचलताना मला खरोखर रडू यायचं.

लग्नाला दोन वर्षं होत आली आणि पौषात माझी पाळी चुकली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिला हिशेब आला तो निराळाच. पोटुशी बाई बाहेर बसत नाही. म्हणजे नऊ महिने गंजीमागे जाणं नाही. पुढे मूल अंगावर पिणार, म्हणजे त्यापुढेही कितीतरी महिने नाही. आणि पोटात असताना काम काही सुटायचं नाही, उलट बाई जितकी राबेल तितकी मोकळी सुखानं होते, असं आत्याबाई शेजारणींना सांगताना मी ऐकलं होतं.

नेहमीचे दिवस आले तशी मी मागच्या दाराशी उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याबाई, कावळा शिवला."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पाटी उचलली. मी गंजीमागे गेले आणि झोपले. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही. माघात तेच केलं. फाल्गुनात, होळीच्या अलीकडे, तेच केलं. मधल्या दिवसांत ओकाऱ्या येत. पण शेणाच्या वासानं मी आधीपासूनच मळमळत असे, त्यामुळे नवं काही कुणाला दिसलं नाही. उकिरड्याच्या कडेला वाकून ओकायचं आणि वर पाटी उपडी करायची. तिथे कोण बघायला येतंय?

चैत्रात मात्र नेहमीचे दिवस तोंडावर आले असताना, रामनवमीचं अंगण सारवता सारवता आत्याबाईंच्या देखतच मला उलटी झाली, सारवलेल्यावरच. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहराच पालटला. त्यांनी घरात नेऊन मला गूळ दिला, पाठीवरून हात फिरवला. मग बोटांची पेरं मोजायला लागल्या. "होळीच्या टायमाला बाहेर बसली हुतीस. म्हंजी नुकतंच हाय. मार्गेसरात मोकळी हुशील, व्हय न्हाई?"

मी मान हलवली. तेवढ्या एका मान हलवण्यात माझे तीन महिने कुठल्या कुठे गेले.

ते किती महागात पडलं हे मला श्रावणात कळलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात मुलीला माहेरी नेतात, आणि बाळाला घेऊन ती परत येते तोवर चार-पाच महिने सहज जातात. त्या चार-पाच महिन्यांवर माझं सगळं चित्त लागलेलं होतं. पंचमीला दादा मला न्यायला गाडी घेऊन आला. माझ्या हिशेबानं आठवा लागत होता, आत्याबाईंच्या हिशेबानं पाचवा.

"आता पंचमीला न्यायचं, परत आनायचं, मग बाळतपनाला परत न्यायचं," आत्याबाई दादाला म्हणाल्या. "गाडीत हिंदकळं बसत्यात. दसरा झाला की सातवा सरतोय. तवा एकदाच न्या."

दादाला ते पटलं. तो शहाण्यासारखा मान डोलवत बसला. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. त्याला हाक मारून काय सांगणार होते? पाळीची गोष्ट भावाशी कुणी बोलतं का? तो भाकरी खाऊन निघाला. आई बाज विणून घेते आहे, तुझ्यासाठी खोली सारवून ठेवणार आहे, असं जाताना सांगून गेला. त्याच्या बैलांनी दारात टाकलेलं शेण मीच भरलं.

त्या रात्री मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आईला विचार." दुसऱ्या दिवशी आत्याबाई ताक घुसळत होत्या, तेव्हा मी समोर बसून सगळं खरं सांगितलं. पौषापासूनच दिवस गेले होते, मी तीन वेळा उगाच बाहेर बसले, मला आठवा लागलाय.

त्यांची रवी थांबली नाही. "तीन येळा मी तुला वरून पानी वतलंय," त्या म्हणाल्या. "मी आंधळी न्हाई. म्हायेराला जायाची घाई झालीय, म्हनून आता महिनं वाढवाया लागलीस. कामाचा कट्टाळा तुला आदीपास्नंच."

माझं खोटं त्यांनी तीनदा निमूट मानलं होतं, आणि खरं मात्र एकदाही ऐकून घेतलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या ताकाचा, त्या रवीचा, त्या घरातल्या प्रत्येक ओल्या आणि आंबूस वस्तूचा. पोट मोठं दिसायला लागलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, जुळी असतील. आत्याबाईंना तेही पटलं.

भाद्रपद सरत आला की घट बसायच्या आधी घर उलटंपालटं करतात. आढ्यावरची जळमटं काढायची, भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, सगळी जमीन उकरून नव्यानं सारवायची, आणि घरात अंथरायचं-पांघरायचं म्हणून जे काही असेल ते नदीवर नेऊन धुवायचं. देवीला घरात एक चिंधी मळलेली चालत नाही. आमच्या घरातल्या गोधड्या म्हणजे पाहुण्यांच्या पोरांच्या मुताचा, म्हाताऱ्यांच्या घामाचा आणि वर्षभराच्या ढेकणांचा थर होता. पाण्यात पडली की एकेक गोधडी म्हशीसारखी जड व्हायची. प्रवरेच्या पाण्यात मी गुडघाभर उभी राहून त्या आपटत होते, काळं पाणी मांडीवरून वाहत होतं, आणि तिथेच माझी कंबर धरली.

आत्याबाई म्हणाल्या, वाकून लचक भरली असंल. मी पिळायची गोधडी सोडून दिली. ती वाहत गेली. तिच्यामागे त्या धावल्या आणि मी काठावर बसले. परत येऊन त्यांनी मला शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण माझ्या लुगड्यावरचं रक्त बघून त्यांनी गाडी जुंपायला लावली. धुण्याच्या गाडीतच ओल्या गोधड्यांवर टाकून मला घरी आणलं. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला, चांगला गुटगुटीत.

सुईणीनं त्याला उजेडात धरलं, बोटं उलगडून बघितली. "नखं बगा कशी भरल्यात," ती म्हणाली. "नऊ पुरं घिऊन आलाय."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मी सांगितलेलं खरं होतं हे त्यांना कळलं, हे मलाही कळलं. त्या वळल्या आणि अंगणात जमलेल्या बायांना म्हणाल्या, "सतवाशी हाय. नदीवर पाय घसरला." त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? दिवस भरलेल्या पहिलटकरणीला माहेरी न धाडता नदीवर गोधड्या धुवायला उभी केली, हे गावाला कसं सांगायचं? तेव्हापासून माझा थोरला जन्मभर सतवाशी, सातव्या महिन्यातच जन्मलेला, म्हणूनच ओळखला गेला, आणि अंगापिंडानं एवढा कसा निघाला याचं लोक नवल करत राहिले.

घरात बाळंतपणाचं सुवेर आलं. सुवेराच्या घरात घट बसत नाहीत. पोतारलेल्या भिंती, नवी जमीन, धुतलेल्या गोधड्या, सगळं जिथल्या तिथे राहिलं आणि देवीचा टाक भाऊबंदांच्या घरी गेला. ज्याच्यासाठी मी एवढं खरवडलं, ते त्या वर्षी घरात झालंच नाही. बाजेवर पडल्या पडल्या मला हसू फुटलं. टाके पडल्यासारखं पोट दुखलं, तरी मी हसले. पलीकडे आत्याबाई एकट्यानं गोठा काढत होत्या, पाटी आपटल्याचा आवाज येत होता, आणि मला त्यांची अजिबात दया आली नाही.

निरोप गेल्यावर आई आली. गाडीत तिनं डिंक, खारीक, हळीव, तुपाची बरणी आणि मऊ जुन्या लुगड्यांचं गाठोडं आणलं होतं. कापड मिळत नव्हतं, म्हणून तिनं आपलीच नेसती लुगडी फाडली होती. आत्याबाई तिला म्हणाल्या, "आता मोकळी झाली. म्हायेरी कशाला न्यायाची? आता पेरनीचं दिस हायेत, गोठ्याला मानूस न्हाई. सव्वा महिना झाला की लागंल कामाला." आईनं गाठोडं सोडलं आणि लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. विहिणीपुढे मुलीच्या आईनं बोलायचं नसतं.

ती माझ्याजवळ येऊन बसली. बाळाला मांडीवर घेऊन तिनं त्याच्या हातापायांवरून बोट फिरवलं, मग नखांपाशी थांबली. "खरं सांग," ती हळूच म्हणाली.

मी सगळं सांगितलं. गंजीमागचे दिवस, होळी, पंचमीला दादा आला ते, ताकाचं ते. सांगताना मला आत्याबाईंचाच राग येत होता, आणि आई माझ्या बाजूनं दोन शब्द बोलेल अशी मी वाट बघत होते. माझा विसावा गेला, माझं माहेरपण गेलं, माझं बाळंतपण ओल्या गोधड्यांवर झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या कुणाचं काही गेलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आई बाळाचे पाय दाबत बसली. तिनं मला दोष दिला नाही, आत्याबाईंनाही नाही.

"फुडची बाळतपनं सारी त्यांची असत्यात, बाये," ती म्हणाली. "ह्ये एक माझं हुतं."